नकाराची तालीम

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार. (गुडघा परवानगी देतो तेवढाच वाकलो आहे, उरलेलं मनाने.) तुझी कंबर कशी आहे? दिवसभर दुसऱ्यांच्या तोंडात वाकून बघायचं म्हणजे कमरेने तरी किती ऐकून घ्यायचं? भावोजींचा खोकला थांबला का? त्यांना म्हणावं, खोकला बरा झाला तरी अधूनमधून थोडा खोकत जा, नाहीतर तू त्यांना दवाखान्याच्या हिशेबाला बसवशील. आमच्याकडे सगळं ठीक. हिची तब्येत उत्तम, आणि माझी कशी आहे हेही तिलाच विचारलेलं बरं, कारण त्याबाबतीत माझं मत या घरात ग्राह्य धरलं जात नाही.

आपण एकाच गावात राहतो, मध्ये एक पूल काय तो आहे, तरी मी पत्र का लिहितोय असं तुला वाटेल. फोनवर तू "मुद्द्याचं बोल, पेशंट खुर्चीत आहे" म्हणतेस. माझा मुद्दा लहानपणापासून शेवटी येतो, आणि तो येईपर्यंत तू फोन ठेवून दिलेला असतो. पत्राचं तसं नाही. ते बाजूला ठेवलं तरी टेबलावर पडून माणसाकडे बघत राहतं. अर्थात या पत्रामागे काही काम वगैरे नाही, हे आधीच सांगून टाकतो. नुसती ख्यालीखुशाली.

तर झालं असं, की निवृत्त झाल्यापासून मी घरात बसून होतो आणि हिच्या म्हणण्याप्रमाणे घराचं कार्यालय करून टाकलं होतं. तुला माहीतच आहे, मी बांधकाम परवानगी विभागात हयात घालवली. लोक घराचे नकाशे घेऊन यायचे आणि मी ते परत पाठवायचो. कुणाचा जिना अरुंद, कुणाची खिडकी शेजाऱ्याच्या खिडकीला भिडलेली, कुणाचं सगळंच बरोबर. (या शेवटच्या लोकांनी फार त्रास दिला. त्यांचे नकाशे आठवडाभर विचार करून परत पाठवावे लागत.) खुर्ची सुटली, पण सवय अंगात राहिली. हिने मागच्या खोलीचे पडदे बदलू या म्हटलं, तर माझ्या तोंडून निघून गेलं, "प्रस्ताव अपूर्ण आहे, सध्याच्या पडद्यांत काय त्रुटी आहे ते नमूद करावं." त्यावर तिने पदर खोचला, चपला घातल्या आणि थेट मोठ्या बाईंच्या घरी गेली.

मोठ्या बाई म्हणजे आमच्या घरामागच्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांच्या हॉलमध्ये दर रविवारी सकाळी एक मंडळ भरतं. ही तिथे जाऊन म्हणाली, "आमच्याकडे एक गृहस्थ आहेत. सगळ्याला नाही म्हणतात. तुम्हाला काही उपयोग होईल का बघा." आणि ताई, तुझ्या भावाच्या आयुष्यात पहिल्यांदाच असं घडलं, की नेमक्या याच गुणासाठी कुणी त्याला हवाहवासा म्हटलं.

मंडळाचं काम तुला थोडक्यात सांगतो. (तू हसशील, पण खरंच थोडक्यात.) शाळा असते त्या दिवशी मुलांना दुपारचं जेवण शाळेत मिळतं. सुट्टी लागली की स्वयंपाकघराला कुलूप. भूक मात्र सुट्टीवर जात नाही. म्हणून सुट्टीतही शाळांची स्वयंपाकघरं उघडी राहावीत, जे मूल येईल त्याला ताट मिळावं, असं एक विधेयक सध्या सभागृहापुढे आहे. ते पास व्हायला मोजकी मतं कमी पडताहेत, आणि त्यांतलं एक मत आमच्या भागातून निवडून गेलेल्या साहेबांचं आहे. साहेब 'हो'ही म्हणत नव्हते आणि 'नाही'ही. त्यांना गाठायचं, पटवायचं आणि पाठिंब्याच्या कागदावर सही घ्यायची, हे मंडळाचं काम. मी पहिल्याच दिवशी नेहमीप्रमाणे हरकत घेतली, की कायद्याच्या मागे कशाला लागता, आपणच चार घरांतून डबे गोळा करून वाटू. मोठ्या बाई म्हणाल्या, "डबा आपल्या गल्लीपुरता. कायदा, जिथे आपल्यासारखं कुणी नाही, त्या गल्लीतही जातो." मला उत्तर सुचलं नाही. असं फार क्वचित होतं, म्हणून मी मंडळात राहिलो.

आता साहेबांना भेटायचं तर तयारी हवी. मोठ्या बाईंनी आयुष्यभर स्नेहसंमेलनं बसवलेली, त्यामुळे त्यांना तालमीशिवाय काही सुचत नाही. त्यांनी ठरवलं, की भेटीची तालीम करायची: एकाने साहेब व्हायचं, बाकीच्यांनी त्यांना पटवायचं. साहेब कोण होणार, यावर चर्चासुद्धा झाली नाही. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मला जेवणाच्या टेबलामागे बसवलं, हातात पेन दिलं, समोर पाण्याचा पेला ठेवला, आणि ताई, काय सांगू, निवृत्तीनंतर पहिल्यांदाच पाठ ताठ झाली.

मी साहेब असा काही उभा केला की विचारू नकोस. आत येणाऱ्याला आधी पॅसेजमध्ये थांबायला लावायचो. (हीही तालमीला यायची, तिला दोनदा थांबवलं. घरी आल्यावर त्याची भरपाई झाली.) मग चष्मा नाकावर उतरवायचा, समोरच्याकडे चष्म्याच्या वरून बघायचं, पेनाचं टोपण हळूच लावायचं आणि म्हणायचं, "बघू पुढे." ही सगळी ढब मी तुझ्यावरून घेतली होती, हे प्रांजळपणे सांगतो. आठवतं का, मी तुझी सायकल मागितली की तू म्हणायचीस, "तुझे पाय पोचत नाहीत, पोचले की बघू." आणि पाय पोचले त्या वर्षी म्हणालीस, "आता तू मोठा झालास, ही तुला लहान पडेल." असा नकार मी पुढे सबंध नोकरीत दुसऱ्या कुणाकडून ऐकला नाही. तोच साहेबांच्या तोंडी घातला. स्वयंपाकघर उघडलं तर स्वयंपाक करणाऱ्यांच्या सुट्टीचं काय? पैसा कुठून आणायचा? आणि शेवटचा, माझा हुकमी प्रश्न: "पण सुट्टीत मुलं आपापल्या घरी जेवतच असतील ना?"

या शेवटच्या प्रश्नापुढे सगळे गारद व्हायचे. मोठ्या बाई आकडे सांगायच्या, मी म्हणायचो आकडे जुने आहेत. शाळेत स्वयंपाक करणाऱ्या आचारीणबाई आमच्या मंडळात आहेत, आवाज असा की पातेल्यावर झाकण आपटल्यासारखा. त्या टेबलावर हात आपटून सांगायच्या, की सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी पोरं किती वाढून घेतात ते या बघायला. मी म्हणायचो, "खेळून भूक लागते मुलांना, चांगलं लक्षण आहे." औषधाचं दुकान चालवणारे एक गृहस्थ होते, त्यांना तर माझं म्हणणं इतकं पटलं की एका रविवारी ते उठले, "साहेब म्हणतात त्यात तथ्य आहे" असं बोलून मंडळाचा राजीनामा देऊन गेले. अजून ते मला रस्त्यात दिसले की 'साहेब' म्हणून नमस्कार करतात. मोठ्या बाई मात्र खूश. त्या म्हणायच्या, यांच्यापुढे टिकलो तर खरे साहेब म्हणजे पाण्यासारखे सोपे. अडचण एवढीच, की माझ्यापुढे एकदाही कुणी टिकलं नव्हतं.

शेवटी भेटीचा दिवस उजाडला. साहेबांचं कार्यालय दुसऱ्या मजल्यावर आहे, खाली झेरॉक्सचं दुकान, जिन्याला एकाच बाजूने कठडा. (हा जिना माझ्या काळात मंजूर झालेला नाही.) मोठ्या बाई, आचारीणबाई आणि मी, असे तिघं गेलो. मी यायची खरं म्हणजे गरज नव्हती, कारण त्या दिवशी साहेबांच्या भूमिकेत स्वतः साहेबच होते, पण इतक्या तालमींनंतर मला घरी कसं ठेवायचं म्हणून नेलं. बाकावर बसलो, बोलावणं आलं, आत गेलो. साहेब टेबलामागे बसलेले, एका गालाला रुमाल धरलेला, तो गाल चांगलाच सुजलेला. मोठ्या बाईंनी पाठ केलेलं निवेदन म्हणून दाखवलं. साहेबांनी ऐकलं, कागद वाचला, रुमालाआडून म्हणाले, "बरोबर आहे तुमचं," आणि पेनाचं टोपण काढलं.

ताई, तू म्हणशील, मग झालंच की काम. झालंच होतं. पेनाचं टोक आणि कागद यांच्यात बोटभर अंतर राहिलं होतं. पण आमच्या तालमीत निवेदनानंतर हरकत यायची, आणि इथे हरकत येईना. मोठ्या बाईंना वाटलं, कुणीतरी आपलं वाक्य विसरलं. त्यांनी वळून माझ्याकडे बघितलं. आचारीणबाईंनीही माझ्याकडे बघितलं. त्या दोघींनी माझ्याकडे असं बघितलं की मलाही वाटलं, आता आपली पाळी. मी चष्मा नाकावर उतरवला आणि म्हणालो, "पण सुट्टीत मुलं आपापल्या घरी जेवतच असतील ना?"

साहेबांनी पेन थांबवलं. तेवढ्यावर निभावलं असतं, पण मोठ्या बाई सवयीने माझ्याशी वाद घालायला लागल्या. त्यांनी आकडे सांगितले, मी जुने आहेत म्हणालो. आचारीणबाईंनी टेबलावर हात आपटला (साहेबांच्या टेबलावर, साहेबांच्या पेल्यातलं पाणी हललं), मी भूक हे चांगलं लक्षण असल्याचं सांगितलं. आमचा वाद रंगात आला. साहेब रुमाल धरून एकदा माझ्याकडे आणि एकदा त्यांच्याकडे बघत होते. मी पैशाचा मुद्दा काढला तेव्हा तर त्यांनी मान डोलावली. आणि सांगायला लाज वाटते, पण नेहमीप्रमाणे मीच जिंकलो. साहेबांनी पेनाला टोपण लावलं. म्हणाले, "हे गृहस्थ विचार करायला लावतात. तुमचं आपसात एकदा ठरू द्या, मग या." आणि शेवटी, अगदी माझ्यासारखं, म्हणजे अगदी तुझ्यासारखं, "बघू पुढे."

जिना उतरताना मोठ्या बाई माझ्यावर रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं, पण त्या म्हणाल्या, "चूक माझी आहे. तालीम जास्त झाली." बसस्टॉपवर आचारीणबाईंनी विचारलं, आणि या वेळी झाकण आपटल्यासारखं नाही, अगदी हळू: "भाऊ, तुम्ही आपल्याच बाजूचे होता ना?" मी हो म्हणालो. पण मलाच ते 'हो' नवीन वाटलं. इतक्या वर्षांत तो शब्द तोंडातून फारसा गेलाच नव्हता.

घरी आलो तर हिने मागच्या खोलीचा पडदा धुवायला काढला होता. (बदलायला मी नकार दिला होता, धुवायला परवानगी लागत नाही.) मागच्या खोलीची खिडकी शाळेच्या मागच्या फाटकावर उघडते, हे तुला माहीत आहे. स्वयंपाकघराच्या पायऱ्या आणि त्यांच्या शेजारचा नळ तिथून स्पष्ट दिसतो, पडदा नसला तर. सध्या शाळेला थोड्या दिवसांची सुट्टी आहे. दुपारी, शाळेत जेवणाची वेळ असते तेव्हा, फाटकाच्या फटीतून मुलं आत आली आणि पायऱ्यांसमोर रांगेत बसली. मला वाटलं खेळायला आली. खेळतच होती. एक मुलगी उभी राहून वाढायचं नाटक करत होती, रिकाम्या हाताने, हातात नसलेल्या डावाने. बाकीची हात पुढे करत होती. ती मुलगी अगदी आचारीणबाईंच्या आवाजात ओरडत होती, "पुरे आता, मागे बाकीचे आहेत!" मग सगळी उठली, नळाला तोंड लावून खूप वेळ पाणी प्यायली, आणि गेली.

ही केळी घेऊन खाली धावली. मुलं म्हणाली, "नको, आम्ही जेवून आलोय." तेही इतक्या रुबाबात म्हणाली, की हिला आग्रह करता येईना. माझा हुकमी प्रश्न होता ना, तो त्या मुलांनाच कुणी विचारला असता, तर त्यांनीही माझ्याच बाजूने उत्तर दिलं असतं. मी खिडकीशी उभा होतो, ताई, आणि मला फार वाईट वाटलं. दुसऱ्या दिवशीही ती आली. रोज येतात. त्यांचीही तालीम चालू आहे, आणि आमच्यासारखीच, जेवण काही येत नाही.

एवढंच. बाकी विशेष काही नाही. भावोजींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद, पत्र सावकाश वाच, पेशंट खुर्चीत असताना वाचू नकोस.

तुझा,
नाही म्हणणारा धाकटा

ता. क. मघाशी एक बारीकसं सांगायचं राहिलं. साहेबांचा गाल सुजला होता असं मी लिहिलं आहे. त्या दिवशी बसस्टॉपवरून मी परत जिना चढून गेलो आणि त्यांच्या मदतनिसाजवळ तुझ्या दवाखान्याचा पत्ता देऊन आलो. म्हटलं, दाढ दुखत असेल तर गावात दुसरीकडे जाऊ नका, हात हलका आहे. (तुझा हात हलका आहे की नाही हे मला माहीत नाही. लहानपणी तरी नव्हता.) आज मदतनिसाचा फोन आला होता, की साहेब याच आठवड्यात तुझ्याकडे येणार आहेत.

आणखी एक ता. क. तुझ्या दवाखान्यात पाटी आहे, 'खुर्चीत फक्त दातांविषयी बोलावे', हे मला ठाऊक आहे. तू त्यांना कायद्याचं एक अक्षर सांगू नकोस, तसं मी मागतही नाही. फक्त त्यांना सकाळची वेळ दे. दाढ काढली की भूल उतरेपर्यंत काही खायचं नाही, हे तू त्यांना सांगशीलच. म्हणजे दुपारी त्यांचं पोट रिकामं असेल. तेव्हा एवढंच म्हण, की लगेच उन्हातून फिरू नका, पुलापलीकडे माझ्या भावाचं घर वाटेवरच आहे, तिथे जरा टेका. त्यांना बोलता येणार नाही. मीही बोलणार नाही, शप्पत. मी बोललो की काय होतं ते वर लिहिलंच आहे. पडदा मी परत लावू दिलेला नाही. फक्त हे सोमवारच्या आत व्हायला हवं. सोमवारी शाळा उघडते, मुलं आत जेवायला जातील आणि खिडकीतून काहीच दिसणार नाही. सभागृहातलं मतदान त्याच्या पुढच्या आठवड्यात आहे, आणि त्यानंतर मोठी सुट्टी.

शेवटचा ता. क. हिने पत्र वाचलं. ती म्हणते, तुमच्या ताई 'नाही'च म्हणणार. म्हणालीस तर मला नवल वाटणार नाही, मी तुझ्याकडूनच शिकलो आहे. पण या वेळी मी सायकल मागत नाहीये. मला मागता येत नाही, ताई, नाही म्हणण्यात सगळं आयुष्य गेलं, म्हणून मागायला इतकी पानं लागली. नाही म्हणायचं असेल तर फोन कर, तेवढ्याला एक मिनिट पुरतं. हो म्हणायचं असेल तर काहीही कळवू नकोस, त्यांना नुसतं पाठवून दे. मी खिडकीशी दोन खुर्च्या मांडून ठेवल्या आहेत.